शीतनिद्रेतील वटवाघूळ आणि त्याच्या आतड्यातील जिवाणू : एका अभ्यासाचा इतिहास

समशीतोष्ण प्रदेशातील कीटकभक्षी वटवाघळे हिवाळ्याचे पाच-सहा महिने जवळजवळ काहीही न खाता काढतात. उत्तर अमेरिकेतील छोटे तपकिरी वटवाघूळ शरद ऋतूत जेमतेम आठ-नऊ ग्रॅम वजनाचे असते आणि त्यातले दोन-तीन ग्रॅम चरबी असते. ही चरबी पुरवून वापरण्यासाठी ते गुहेच्या छताला लटकते आणि आपल्या शरीराचे तापमान गुहेच्या हवेइतके, म्हणजे काही अंश सेल्सियसपर्यंत, उतरू देते. उडताना मिनिटाला शेकडो वेळा धडधडणारे हृदय आता मोजके ठोके देते. पचनमार्ग रिकामा आणि थंड पडतो. त्या आतड्यात राहणारे जिवाणू मात्र उबेवर आणि येणाऱ्या अन्नावर जगणारे असतात. दोन्ही आधार एकदम नाहीसे झाल्यावर त्यांचे काय होते, आणि त्यांच्यात होणाऱ्या बदलाचा त्या प्राण्याला काय उपयोग किंवा तोटा होतो, हा प्रश्न साधा वाटतो. तरी तो विचारला जायला दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. आधीच्या प्रत्येक पिढीने या झोपलेल्या प्राण्याचा एकेक भाग तपासला : आधी उष्णता, मग श्वास, मग प्रवास. आतड्याची पाळी सर्वांत शेवटी आली.

सुरुवात वटवाघळांपासून झाली नाही. १७७०च्या दशकात लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी आपला शिष्य एडवर्ड जेन्नर याच्या मागे हेजहॉगचा तगादा लावला होता. पुढे देवीच्या लसीमुळे जगप्रसिद्ध झालेला जेन्नर तेव्हा ग्लॉस्टरशरमधल्या बर्कली गावी वैद्यकी करत होता, आणि हेजहॉग त्याच्या परिसरात सहज मिळत. हंटर यांच्या मागण्या अगदी नेमक्या होत्या. प्राण्याचे वजन हिवाळ्याच्या तोंडाशी करावे आणि वसंतात पुन्हा करावे. चरबी किती घटली ते पाहावे. कडाक्याच्या थंडीत पोटाला छेद देऊन आत तापमापक घालावा. आजच्या अभ्यासकाला हे प्रयोग क्रूर वाटतील, पण शीतनिद्रा ही मोजून पाहण्याची गोष्ट आहे ही दृष्टी इथून आली. पचनाबद्दलही हंटर यांनी एक चांगले निरीक्षण नोंदवले होते. हिवाळी मुक्कामाला निघालेल्या सरड्यांना त्यांनी मांसाचे तुकडे गिळवले आणि काही काळाने पोट उघडून पाहिले, तर तुकडे जसेच्या तसे होते. शरीर थंड पडले की पचन थांबते, हे त्यातून दिसले. जिवाणूंचा विचार तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

वटवाघूळ प्रयोगशाळेत आणले ते इटलीतील पाव्हिया विद्यापीठाच्या लाझारो स्पालान्झानी यांनी. डोळे नसतानाही वटवाघळे अंधारात अडथळे चुकवतात, हे त्यांनी १७९३-९४मध्ये दाखवले आणि त्या कामासाठीच त्यांचे नाव सहसा घेतले जाते. आयुष्याच्या अखेरीस मात्र ते श्वसनाकडे वळले. गाढ शीतनिद्रेतील एक मार्मोट त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूत चार तास ठेवला. तो जगला, आणि त्याच वायूत ठेवलेले पक्षी व उंदीर मात्र मेले. झोपलेल्या प्राण्याची प्राणवायूची गरज किती खाली येते याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा त्या काळी देता आला नसता. स्पालान्झानी १७९९मध्ये वारले. श्वसनावरचे हे लेखन त्यांचे जिनिव्हातील मित्र ज्यां सेनेबिए यांनी १८०३मध्ये प्रसिद्ध केले.

इंग्रज वैद्य मार्शल हॉल यांनी १८३२मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शीतनिद्रेवर जो निबंध लिहिला, त्यात वटवाघूळ केंद्रस्थानी आहे. हॉल यांचे मोठेपण त्यांच्या सावधपणात आहे. झोपलेल्या वटवाघळाला हात लावला, किंवा ते ज्यात ठेवले आहे ते भांडे नुसते हलवले, तरी त्याचा श्वास सुरू होतो आणि मोजमाप बिघडते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी प्राण्याला न हलवता श्वसनात खर्च होणारी हवा मोजण्याचे उपकरण तयार केले. वारंवार जागी केलेली वटवाघळे दगावतात, हेही त्यांनी पाहिले. पुढच्या शतकातील अभ्यासकांनी ही एक गोष्ट मनावर घेतली असती, तर असंख्य प्राण्यांचे जीव वाचले असते.

आतड्यातील जिवाणूंचा विषय यानंतर पन्नास वर्षांनी, पॅरिसमध्ये, वेगळ्याच वादातून पुढे आला. या सूक्ष्मजीवांशिवाय प्राण्याचे जगणे शक्य नसावे, असा तर्क लुई पाश्चर यांनी १८८५मध्ये मांडला. बर्लिनमध्ये जॉर्ज नटॉल आणि हान्स थियरफेल्डर यांनी १८९५च्या सुमारास गिनिपिगची पिल्ले जन्मापासून निर्जंतुक वातावरणात काही दिवस वाढवून दाखवली आणि तो तर्क डळमळीत केला. त्यानंतर स्पिट्सबर्गनच्या मोहिमेवरून परतलेल्या लेव्हिन यांनी १८९९मध्ये लिहिले, की अतिथंड प्रदेशातील अनेक प्राण्यांच्या आतड्यांत जिवाणू फारच कमी आढळतात. या सगळ्या माहितीचा सर्वांत उत्साहाने उपयोग केला तो पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी. मोठ्या आतड्यात कुजणारे अन्न आणि त्यावर वाढणारे जिवाणू शरीराला विषारी ठरतात आणि म्हातारपण लवकर आणतात, असे त्यांचे ठाम मत होते. दह्यातील जिवाणूंचा त्यांनी केलेला पुरस्कार याच मतातून आला.

मेचनिकॉफ यांना आपल्या मताला आधार देणारा प्राणी हवा होता आणि तो त्यांना भारतातून आलेल्या मोठ्या फलाहारी वटवाघळात सापडला. महाराष्ट्रातल्या गावोगावी वड-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारे हेच ते वटवाघूळ. पॅरिसमध्ये पिंजऱ्यात ठेवून फळे खाऊ घातली, तेव्हा खाल्लेले फळ तास-दीड तासात बाहेर पडते आणि त्याचे मोठे आतडे नावापुरतेच असते, असे दिसले. विष्ठेतही जिवाणू अगदी थोडे मिळाले. १९०९मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वटवाघळांवर आणि त्यांच्या सूक्ष्मजीवांवर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. सस्तन प्राणी फारशा जिवाणूंशिवाय सुखाने जगू शकतो, याचा तो त्यांच्या दृष्टीने पुरावा होता.

ते निरीक्षण आजही चुकीचे म्हणता येत नाही. वटवाघळाचे आतडे आखूड असते, बहुतेक जातींत आंधळे आतडे नसतेच, आणि उडणाऱ्या प्राण्याला पोटात ओझे बाळगणे परवडत नाही. पण त्या काळी काचेच्या बशीत वाढवता येतील तेवढेच जिवाणू दिसत, आणि तपासलेला प्राणी उष्ण प्रदेशातला, फळे खाणारा आणि शीतनिद्रेत न जाणारा होता. त्यावरून साऱ्या वटवाघळांच्या आतड्याला दुर्लक्षणीय ठरवणे फार घाईचे झाले असते. मेचनिकॉफ यांनी तसे कुठे म्हटलेही नाही. तरीही पुढची पन्नास वर्षे वटवाघळाच्या अभ्यासकांचे लक्ष आतड्याकडे जवळजवळ गेले नाही.

ते गेले वटवाघळांच्या प्रवासाकडे. कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन यांनी १९१६मध्ये इथाका येथे चार वटवाघळांच्या पायांत पक्ष्यांसाठी बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. जर्मनीत मार्टिन आयझेनट्राउट यांनी १९३२पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. नेदरलँड्समध्ये लिम्बुर्ख प्रांतातील चुनखडीच्या जुन्या खाणींत ते १९३६मध्ये सुरू झाले. अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी विद्यार्थिदशेतच न्यू इंग्लंडच्या गुहा पालथ्या घातल्या. पुढे वटवाघळे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मार्ग काढतात हा शोध लावणारे ग्रिफिन ते हेच. त्यांच्या आवडत्या ठिकाणांपैकी एक म्हणजे व्हरमाँट राज्यातील डॉर्सेटजवळची ईओलस गुहा. न्यू इंग्लंडमधील सर्वांत मोठा हिवाळी मुक्काम तिथे होता. दूरदूरची वटवाघळे हिवाळ्यासाठी तिथे जमतात आणि उन्हाळ्यात शेकडो किलोमीटरवर पांगतात, हे कड्यांमुळेच कळले.

कडी घालण्याच्या या कामाने एका पिढीच्या अभ्यासकांना गुहेत राहायला शिकवले. हिवाळ्यात वटवाघळे एका जागी थव्याने, हाताला येतील अशी लटकलेली असतात. म्हणून मोहिमा नेमक्या हिवाळ्यातच निघत. कंदील किंवा कार्बाइडचा दिवा घेऊन माणसे आत जात, भिंतीवरून प्राणी वेचून पिशवीत भरत, एकेकाला कडी घालून सोडून देत. या कामाचे फळ मोठे होते. इतके लहान सस्तन प्राणी तीस वर्षे जगू शकतात, ही गोष्ट कड्यांशिवाय कोणी मानली नसती. ओंटारिओत हॅरल्ड हिचकॉक यांनी कडी घातलेली छोटी तपकिरी वटवाघळे जवळपास तेवढ्या वर्षांनी पुन्हा जिवंत सापडली. किंमतही मोठीच होती. कड्या मांसात रुतत, प्राणी त्या चावत बसत, जखमा चिघळत. आणि प्रत्येक मोहिमेत थवेच्या थवे जागे होत. अनेक गुहांतली संख्या घटू लागल्यावर १९७३मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने वटवाघळांसाठी कड्या देणे थांबवले.

जागे होण्याची खरी किंमत कॅनडातील क्वेबेकमध्ये डोनाल्ड थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मांडली. छोटे तपकिरी वटवाघूळ हिवाळाभर सलग झोपत नाही. साधारण दोन आठवड्यांनी ते आपोआप जागे होते, शरीर पस्तीस अंशांच्या आसपास तापवते आणि थोड्या वेळाने पुन्हा थंड होते. हा जागेपणा साऱ्या हिवाळ्याच्या एक टक्क्याइतकाच, पण चरबीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक खर्च त्यात होतो. थॉमस यांनी १९९५मध्ये हेही दाखवले, की माणसाने हात न लावता गुहेत नुसती फेरी मारली तरी पुढचे काही तास वटवाघळे जागी होत राहतात. हॉल यांनी भांड्यातल्या एका प्राण्यावरून जे ओळखले होते, त्याला आता आकडे मिळाले.

आतड्याच्या अभ्यासाला ही माहिती अत्यावश्यक होती, कारण जिवाणूंच्या दृष्टीने हिवाळा म्हणजे एक अखंड थंडी नसते. दीर्घ थंड काळ, मध्येच काही तासांची ऊब, पुन्हा थंडी, असे त्याचे रूप असते. ऊब येते तेव्हा वाढीला योग्य तापमान मिळते, अन्न मात्र वरून येत नाही. त्या काही तासांत आतड्यात कोण टिकते आणि कोण मागे पडते, यावर हिवाळ्याचा निकाल ठरतो.

त्याआधीच आतड्याकडे तुरळक लक्ष जाऊ लागले होते. १९६५मध्ये पॉल क्लाइट यांनी मध्य अमेरिकेतील तीन जातींच्या वटवाघळांच्या आतड्यातील जिवाणू आणि अन्नाच्या प्रवासाची गती तपासली. अन्न फार वेगाने पुढे सरकते, हे पुन्हा दिसले. १९७०मध्ये इंग्लंडमध्ये एला बार्न्स आणि बर्टन यांनी तेरा पट्ट्यांच्या भूखारीच्या, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या खारीच्या, आंधळ्या आतड्यातील जिवाणूंवर शीतनिद्रेचा परिणाम पाहिला. शीतनिद्रा आणि आतड्यातील जिवाणू हे दोन विषय प्रथमच असे शेजारी बसवलेल्या मोजक्या कामांत ते एक आहे. वटवाघळांच्या बाबतीत २००४मध्ये इंडियानातील जॉन व्हिटेकर आणि सहकाऱ्यांचे काम आले. कीटकांचे कवच ज्या कायटिनचे असते, ते फोडणारे विकर तयार करणारे जिवाणू त्यांनी कीटकभक्षी वटवाघळांच्या आतड्यातून वेगळे केले. आतड्यात उरलेल्या कवचाच्या तुकड्यांतूनही प्राण्याला काही मिळू शकते, ही शक्यता त्यामुळे उभी राहिली. जिवाणूंकडे उपद्रव म्हणून पाहणाऱ्या मेचनिकॉफ यांच्या भूमिकेपासून हे काम फार लांब आले होते.

मग २००६च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील अल्बनीजवळच्या हाऊ गुहेत एका गुहाशोधकाने नाकावर पांढरी बुरशी असलेल्या वटवाघळांचे छायाचित्र घेतले. पुढच्या हिवाळ्यात परिसरातील गुहांत मेलेल्या वटवाघळांचे खच आढळले. हा पांढऱ्या नाकाचा रोग होता. त्याची बुरशी २००९मध्ये नवी जाती म्हणून वर्णिली गेली, २०११मध्ये तीच रोगाचे कारण असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले, आणि २०१३पासून ती स्यूडोजिम्नोअॅस्कस डिस्ट्रक्टन्स या नावाने ओळखली जाते. ती थंडीतच वाढते. झोपलेले शरीर तिला नेमके सोयीचे तापमान देते. बुरशीग्रस्त वटवाघळे वारंवार जागी होतात, चरबी वेळेआधी संपते आणि हिवाळा सरण्यापूर्वीच ती मरतात. २०१२च्या सुरुवातीला अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेचा अंदाज सत्तावन्न लाख ते सदुसष्ट लाख वटवाघळे मेल्याचा होता. ईओलस गुहेतही मृत्यूने थैमान घातले. युरोपातील वटवाघळांवर हीच बुरशी आढळते, पण तिथे असा संहार होत नाही.

या आपत्तीने वटवाघळाच्या अंगावरचे आणि पोटातले सूक्ष्मजीव अचानक महत्त्वाचे झाले. लक्ष आधी कातडीकडे गेले. २०१५मध्ये जोसेफ हॉइट आणि सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या कातडीवरील काही स्यूडोमोनास जिवाणू या बुरशीची वाढ रोखतात, असे दाखवले. त्याच सुमारास रोडोकोकस या जिवाणूच्या वायुरूप स्रावांचा उपयोग करून पाहण्यात आला, आणि तशा उपचारानंतर बरी झालेली काही वटवाघळे मे २०१५मध्ये मिसुरीत मोकळी सोडण्यात आली. आतड्याचा अभ्यास याच काळात, पण भूखारींच्या वाटेने आला.

त्यासाठी साधन मिळाले होते ते कार्ल वूझ यांच्या कामातून. रायबोसोममधील एका आरएनएच्या तुलनेवरून जिवाणूंची ओळख पटवता येते, हे त्यांनी १९७७मध्ये दाखवले, आणि पुढे जनुकक्रम वाचण्याचे तंत्र स्वस्त झाल्यावर बशीत न वाढणारे जिवाणूही मोजता येऊ लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅना केरी यांनी २०१३मध्ये तेरा पट्ट्यांच्या भूखारीच्या आतड्यातील जिवाणूंचा वर्षभराचा आलेख मांडला. हिवाळ्यात वनस्पतींचे तंतू पचवणारे फर्मिक्युट्स गटातले जिवाणू घटतात. आतड्याच्या भिंतीवरचा श्लेष्मा खाऊन जगू शकणारे अॅकरमॅन्सियासारखे जिवाणू आणि बॅक्टेरॉइडिटीस गट वाढतात. वरून शिधा बंद झाला की वस्ती घराच्या भिंतीच खाऊ लागते, असा हा प्रकार आहे. वसंतात प्राणी पुन्हा खाऊ लागला की जुनी रचना परत येते. २०१६मध्ये स्वीडनमधील फ्रेड्रिक बॅकहेड यांच्या गटाने तपकिरी अस्वलांचे उन्हाळी आणि हिवाळी जिवाणू निर्जंतुक उंदरांत घातले. उन्हाळी जिवाणू मिळालेल्या उंदरांनी जास्त चरबी साठवली.

या मालिकेतला सर्वांत सुंदर प्रयोग २०२२चा आहे. मॅथ्यू रीगन, केरी आणि सहकाऱ्यांनी भूखारींना खुणेचे अणू जोडलेला युरिया टोचला. एरवी मूत्रातून बाहेर जाणारा हा पदार्थ आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो फोडतात, आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा प्राण्याच्या स्नायूंच्या व यकृताच्या प्रथिनांत दिसतो, असे आढळले. हिवाळ्याच्या अखेरीस, जेव्हा प्राणी सर्वांत जास्त उपाशी असतो, तेव्हा हा लाभ सर्वांत ठळक होता. जिवाणू मारून टाकले की तो बंद पडत असे. महिनोन्‌महिने न हलणाऱ्या, न खाणाऱ्या प्राण्याचे स्नायू का झिजत नाहीत, याचे एक कारण त्यातून समोर आले.

भूखारीचे हे निष्कर्ष वटवाघळाला जसेच्या तसे लावणे योग्य नाही, आणि याचे कारण मेचनिकॉफ यांनी पाहिलेल्या आतड्यातच आहे. भूखारीचे आंधळे आतडे हे जिवाणूंचे मोठे कोठार असते. वटवाघळाकडे ते नाही. भूखार जागी झाली की बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ उबदार राहते, वटवाघूळ पुष्कळदा दोन-तीन तासांतच पुन्हा थंड होते. शिवाय २०२०मध्ये सुमारे नऊशे पृष्ठवंशी जातींची तुलना करणाऱ्या अभ्यासात असे दिसले, की इतर सस्तन प्राण्यांत आतड्यातील जिवाणू त्यांच्या कुळाशी बरेच जुळतात, वटवाघळांत मात्र हे नाते सैल आहे आणि या बाबतीत ती पक्ष्यांच्या जवळ जातात. हलके शरीर, आखूड आतडे आणि वेगवान पचन ही उड्डाणाची गरज दोघांनाही सारखीच पडली. अशा प्राण्यांत प्रोटिओबॅक्टेरिया गटाचे प्रमाण मोठे असते आणि आहार व परिसर बदलला की वस्ती पटकन बदलते.

खुद्द शीतनिद्रेतील वटवाघळांवर नेमके काम चीनच्या ईशान्य भागातून आले. तिथल्या संशोधकांनी २०१९मध्ये मोठ्या नालाकार वटवाघळाच्या आतड्यातील जिवाणूंची ऋतूनुसार तुलना केली. सक्रिय काळ आणि शीतनिद्रा यांत जिवाणूंची विविधता आणि गटांचे प्रमाण बदलते, हे त्यात स्पष्ट झाले. ही जात युरोपपासून हिमालय आणि पूर्व आशियापर्यंत पसरलेली आहे. महाराष्ट्रातील लेण्यांत आणि पडक्या किल्ल्यांत वटवाघळे भरपूर असली, तरी तिथल्या उबदार हिवाळ्यात सहा महिन्यांच्या शीतनिद्रेचा प्रश्न येत नाही. हा अभ्यास थंड देशांतच व्हायला हवा होता.

अशा कामाची पद्धतही जुन्या कडीवाल्यांपेक्षा पार वेगळी झाली आहे. उन्हाळ्यात वटवाघूळ कापडी पिशवीत थोडा वेळ ठेवले की ताजी विष्ठा मिळते. झोपलेले वटवाघूळ मात्र क्वचितच विष्ठा टाकते. म्हणून बारीक कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यावा लागतो आणि त्यासाठी एका प्राण्याला जागे करण्याची किंमत मोजावी लागते. मार्च २००९मध्ये अमेरिकी मत्स्य आणि वन्यजीव सेवेने बुरशीग्रस्त राज्यांतील गुहांत न जाण्याची सूचना काढली. तेव्हापासून आत जाणारा प्रत्येक जण कपडे, बूट आणि साधने निर्जंतुक करून घेतो, नमुने मोजकेच घेतले जातात आणि मोहिमांची संख्या मुद्दाम कमी ठेवली जाते.

रोगानंतरही काही गुहांत छोटी तपकिरी वटवाघळे टिकून आहेत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीना चेंग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, अशा ठिकाणची वटवाघळे हिवाळ्याच्या सुरुवातीला पूर्वीपेक्षा अधिक चरबी घेऊन येतात असे आढळले. अस्वलाच्या जिवाणूंनी उंदरांत चरबी वाढवल्याचे त्याच्या तीन वर्षे आधीच दिसले होते. म्हणून शरद ऋतूतील हावरट खाण्याच्या काही आठवड्यांत वटवाघळाच्या आतड्यातील जिवाणू कोणते काम करतात, हा विषय आता वटवाघळांच्या संवर्धनाशी थेट जोडला गेला आहे.